विद्येचें नांव आणि परवान्याचा बाजार

परदेशगमनाविषयीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांत जो वाद माजला होता तो आज वाचला म्हणजे मौज वाटते. समुद्र ओलांडल्यानें जात जाते किंवा नाहीं, परत आलेल्यास पंक्तीला घ्यावें किंवा नाहीं, घ्यावयाचें तर प्रायश्चित्त कोणतें द्यावें, ह्या प्रश्नांवर विद्वानांनीं वर्षानुवर्षें शाई खर्च केली. आज त्या प्रश्नांची कोणास आठवणही नाहीं, आणि ही गोष्ट फार चांगली झाली. परंतु त्या वादांत एक गुण होता, तोही वादाबरोबर नाहींसा झाला. परदेशीं जाणाऱ्यास त्या वेळीं "कशासाठीं जातां?" असें चार लोक तोंडावर विचारीत, आणि जाणाऱ्यास त्याचें उत्तर द्यावें लागे. आज हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. विचारलेंच तर "कोणत्या देशांत?" आणि "खर्च किती आला?" एवढेंच विचारतात.

आनंदीबाई जोशी ह्यांनीं १८८३ च्या फेब्रुवारींत कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथें कॉलेजच्या सभागृहांत जें भाषण केलें, तें ह्याच प्रश्नाचें उत्तर होतें. त्या वेळीं त्यांस अठरावें वर्ष चालू होतें. आपण अमेरिकेस कां जातों, हें शिक्षण हिंदुस्थानांत राहून मिळण्यासारखें नाहीं काय, एकटी कां जातों, परत आल्यावर जातीनें बहिष्कार घातला तर काय, असे लोकांच्या मनांतील प्रश्न त्यांनीं स्वतःच मांडले आणि एकेकाचा समाचार घेतला. ह्या देशांत स्त्री-डॉक्टरांची वाण आहे आणि ती आपल्या परीनें भरून काढावी, हा त्यांचा हेतु. पेनसिल्व्हेनियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं १८८६ मध्यें मिळविली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांत त्यांची नेमणूकही झाली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला. हातून काम होण्यास दैवानें अवकाश दिला नाहीं. तरी त्यांचें जाणें फुकट गेलें असें आजवर कोणीं म्हटलेलें नाहीं. त्या कशासाठीं गेल्या हें सर्वांस ठाऊक होतें, आणि तें त्यांनीं आपल्या तोंडानें सांगितलें होतें.

आतां आजचें हेतुकथन पाहूं. परदेशी विद्यापीठें अर्जासोबत 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' नांवाचा एक लेख मागतात. आपण हा विषय कां शिकूं इच्छितों, आजवर त्यांत काय केलें, पुढें काय करावयाचें आहे, हें अर्जदारानें स्वतःच्या शब्दांत सांगावें अशी त्यांत अपेक्षा असते. महाविद्यालयांत शिकविण्याचें काम पतकरल्यामुळें हे लेख आणि त्यांजबरोबर जाणारीं शिफारसपत्रें ह्यांशीं आमचा नित्याचा परिचय आहे. दिवाळीची सुटी संपली कीं विद्यार्थी दारांत उभे राहूं लागतात. पुष्कळांच्या हातांत आमचें शिफारसपत्र तयारच असतें. आमची सही तेवढी व्हावयाची असते. अर्जदारास आम्ही तीन वर्षें अगदीं जवळून ओळखतों आणि त्याच्या नेतृत्वगुणांनीं आम्ही थक्क झालों आहों, असें त्यांत आमच्या वतीनें लिहिलेलें असतें. एकाच एजंटाच्या कचेरींतून आलेल्या निरनिराळ्या पत्रांत आम्ही निरनिराळ्या विद्यार्थ्यांच्या गुणांनीं अगदीं त्याच शब्दांत थक्क झालेले आढळतों. हेतुपत्राचीही तीच गत. लहानपणीं आजोबांचें बिघडलेलें घड्याळ उघडून पाहिलें आणि तेव्हांपासून यंत्रशास्त्राची ओढ लागली, ही कथा आम्हीं इतक्यांदा वाचली आहे कीं महाराष्ट्रांतील एकाही आजोबांचें घड्याळ धड चालत असेल असें आम्हांस वाटेनासें झालें आहे. पूर्वीं हे लेख एजंटाच्या कचेरींतला कोणी कारकून लिहीत असे. आतां ते संगणकाकडून क्षणार्धांत लिहून मिळतात, म्हणजे त्या कारकुनाची जी दोन बोटें त्यास लागत तींही आतां लागत नाहींत.

ह्यावर कोणी म्हणेल कीं अर्ज हा केवळ एक उपचार आहे, त्यावरून एवढा अनर्थ कशास काढावा? आमचें म्हणणें असें कीं, आपण कशासाठीं जातों हें सांगण्याचें काम ज्यानें दुसऱ्यावर सोंपविलें त्यास बहुधा सांगण्यासारखें कांहीं नसतें. आणि नसतें ह्याचें कारण हें कीं तो ज्यासाठीं जातो तें अर्जांत लिहितां येत नाहीं. परदेशीं विद्या घेण्यास जाणें हा एक व्यवहार आहे. परदेशीं राहण्याचा व कमावण्याचा परवाना विद्यापीठाच्या खिडकींतून विकत घेणें हा दुसरा व्यवहार आहे. दोन्ही कायदेशीर आहेत, दोहोंतही लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु आपला मध्यमवर्ग दुसऱ्या व्यवहारास पहिल्याचें नांव देतो, आणि त्या नांवाच्या पुण्याईवर राहतें घर तारण ठेवतो. ह्या नामांतरांत त्याची फसगत आहे. मालाचें खरें नांव घेतलें तर मनुष्य भाव विचारतो, टिकाऊपणा विचारतो, बुडाल्यास काय करावें हें विचारतो. "मुलाच्या शिक्षणासाठीं" असें म्हटलें कीं हे सारे प्रश्न क्षुद्र वाटूं लागतात.

विक्रेत्यांच्या मनांत मात्र असा घोटाळा नाहीं. इंग्लंडांत परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पुरा खर्च वसूल करावा असें थॅचरबाईंच्या सरकारनें ठरविलें आणि १९८०-८१ पासून तें अमलांत आणलें. ऑस्ट्रेलियानें कोलंबो योजनेखालीं आशियांतील विद्यार्थ्यांस बोलावून शिकविण्याचें धोरण पुष्कळ वर्षें चालविलें होतें. १९८० नंतरच्या दशकांत त्या देशानेंही पुऱ्या शुल्काच्या विद्यार्थ्यांस दार उघडलें, आणि परदेशी विद्यार्थी ही मदतीची बाब न राहतां निर्यातीच्या हिशेबांतील बाब झाली. इंग्लंडांतील देशी विद्यार्थ्यांकडून पदवीच्या वर्गासाठीं वर्षास जास्तींत जास्त किती घ्यावें हें सरकार ठरवितें: २०१७ पासून कित्येक वर्षें तो आंकडा ९,२५० पौंडांवर होता, २०२५-२६ सालीं तो ९,५३५ झाला. परदेशी विद्यार्थ्याच्या शुल्कास अशी कोणतीच मर्यादा नाहीं. त्याच बाकावर बसून तेंच व्याख्यान ऐकण्यासाठीं तो दुप्पट, तिप्पट भरतो. ब्रिटिश विद्यापीठांच्या एकूण उत्पन्नांत परदेशी शुल्काचा वांटा आज एक-पंचमांशाहून अधिक आहे. घरच्या विद्यार्थ्यामागें येणारा तोटा पाहुण्याच्या पैशांतून भरून काढावयाचा, असा हा सरळ हिशेब आहे. तो त्यांनीं लपविलेलाही नाहीं. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. दुकानदारानें दुकान चालवावें ह्यांत गैर काय? दुकानास देऊळ समजून चपला बाहेर काढणाऱ्यांविषयीं आमचें बोलणें आहे.

ह्या दुकानाचे अडते म्हणजे आपल्याकडील 'सल्लागार'. पुण्यांत, नाशकांत, कोल्हापुरांत, आतां तालुक्याच्या गांवींही त्यांच्या पाट्या दिसतात, आणि पाटीवर 'मोफत मार्गदर्शन' असें ठळक अक्षरांत लिहिलेलें असतें. जो माणूस भाड्याची जागा घेतो, नोकर ठेवतो, वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देतो आणि आपल्याकडून मात्र दिडकीही घेत नाहीं, त्याचें पोट कोण भरतें हा प्रश्न एरवीं भाजीच्या जुडीसाठीं घासाघीस करणाऱ्या आमच्या वर्गास पडूं नये ह्याचें आश्चर्य वाटतें. तें विद्यापीठ भरतें. दाखल झालेल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाच्या शुल्कांतून ठराविक टक्केवारी एजंटास मिळते, हें त्या व्यापारांतील उघड गुपित आहे. तेव्हां कोणतें विद्यापीठ तुमच्या मुलास योग्य, हें सांगणारा मनुष्य कोणतें विद्यापीठ स्वतःस किफायतशीर ह्याकडे डोळेझांक करील अशी अपेक्षा धरणें म्हणजे नवऱ्यामुलाची चौकशी त्याच्या मामाकडे करण्यासारखें आहे. जीं विद्यापीठें विद्येसाठीं नांवाजलेलीं आहेत आणि ज्यांच्या दारीं अर्जांची रास पडते त्यांस गिऱ्हाईक आणून देणारा लागत नाहीं. म्हणून अडत्याच्या यादींत तीं क्वचितच वर असतात. कॅनडांत २०२३ सालीं कांहीं पंजाबी विद्यार्थ्यांचीं प्रवेशपत्रेंच बनावट असल्याचें उघडकीस आलें आणि त्यांच्यावर हद्दपारीची पाळी आली. तो सरळ गुन्हा होता, त्याची तुलना रोजच्या धंद्याशीं आम्ही करीत नाहीं. परंतु विश्वास कोणावर ठेवावा ह्याचा विचार न करण्याची संवय दोन्हीकडे एकच.

आतां माल पाहूं. आपल्याकडून इंग्लंडांत जाणाऱ्यांपैकीं फार मोठा वर्ग एक वर्षाच्या एम्.एस्सी. किंवा तत्सम पदवीसाठीं जातो. हें वर्ष सप्टेंबराच्या अखेरीस सुरू होतें. दोन सत्रें व्याख्यानांचीं. नाताळची आणि ईस्टरची सुटी वजा जातां तीं वीस-बावीस आठवडे भरतात. मग परीक्षा, मग उन्हाळ्यांत प्रबंध. विद्यार्थ्यास थंडीची, जेवणाची आणि उच्चारांची ओळख होते न होते तों पहिलें सत्र संपतें. आठवड्यास वीस तास नोकरी करण्याची कायद्यानें मुभा आहे, आणि घरून आणलेल्या पैशांत भाडें भागत नसल्यामुळें ते वीस तास बहुतेकांस एखाद्या दुकानांत नाहीं तर उपाहारगृहांत काढावे लागतात. त्याच सुमारास, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, पुढच्या वर्षीच्या नोकऱ्यांचे अर्ज भरावयाचे असतात. जो विषय शिकण्यास आला त्याचें दुसरें पुस्तक उघडण्यापूर्वींच त्यास त्या विषयांतील तज्ज्ञ म्हणून नोकरी मागावी लागते. ह्या धांदलींत ग्रंथालय केव्हां पाहावें आणि अध्यापकाच्या खोलींत बसून वाद केव्हां घालावा? कष्टाळू विद्यार्थी ह्यांतूनही कांहीं मिळवितात, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांचें कौतुकच आहे. पण तें मिळतें तें त्यांच्या कष्टांनीं. विकत घेतलेल्या मालांत तें बांधून दिलेलें नसतें.

तर मग वीस-तीस हजार पौंड, कित्येक ठिकाणीं त्याहूनही अधिक शुल्क भरून खरोखर घेतलें काय? घेतली ती पदवीनंतर कांहीं काळ तेथें राहून नोकरी शोधण्याची परवानगी. आणि ही परवानगी विद्यापीठाच्या हातांतली नव्हे. ती सरकारची, म्हणजे पुढच्या निवडणुकीची. इंग्लंडनें अशी सवलत २०१२ च्या एप्रिलांत बंद केली; विद्यार्थ्यांची संख्या घटली तशी २०२१ च्या जुलैंत पुन्हा दोन वर्षांची सुरू केली; २०२४ च्या जानेवारीपासून बहुतेक विद्यार्थ्यांस कुटुंब बरोबर आणण्याची बंदी केली; आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांस दोन वर्षांऐवजीं अठराच महिने मिळतील असें ठरविलें. कॅनडानें राहण्याच्या खर्चासाठीं दाखवावयाची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरांवरून एकदम २०,६३५ वर नेली, त्याच महिन्यांत विद्यार्थी-परवान्यांवर कमाल मर्यादा घातली, आणि २०२६ सालासाठीं नव्या विद्यार्थ्यांचें उद्दिष्ट आधीं जाहीर केलेल्या आंकड्याच्या जवळजवळ निम्म्यावर, १,५५,००० वर आणलें. ऑस्ट्रेलियानें व्हिसाच्या नुसत्या अर्जाची फी ७१० डॉलरांवरून २०२४ च्या जुलैंत १,६०० आणि २०२५ च्या जुलैंत २,००० केली. अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाहीं. अमेरिकेची गोष्ट तर सर्वांस तोंडपाठ आहे. तेथें वर्षास ८५,००० नोकरी-परवाने, आणि मागणारे कित्येक पटींनीं अधिक, म्हणून सोडत, म्हणजे एम्.एस्. झालेल्या अभियंत्याचें भवितव्य चिठ्ठ्या टाकून ठरावयाचें. २०२५ च्या सप्टेंबरांत देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लक्ष डॉलरांचा आकार बसविण्यांत आला तेव्हां आपल्याकडील किती घरांत त्या रात्रीं दिवा मालवला नसेल!

ह्या सर्व देशांस आपलीं दारें उघडण्याचा वा लावण्याचा पुरा अधिकार आहे. परंतु जो माल विकत घेतल्यावर दोन वर्षांच्या आंत विकणाऱ्याच्या शेजारचा मनुष्य त्याचा अर्धा भाग कापून घेऊं शकतो, तो माल घरावर कर्ज काढून घ्यावा काय? आपल्याकडे साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँका बहुधा तारण मागतात. तारण म्हणजे बापाचा राहता फ्लॅट किंवा गांवची जमीन. शिक्षण चालू असेतों आणि त्यानंतर सुमारें वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असतें. मुलगा तिकडे रुपयांत घेतलेलें कर्ज पौंडांत वा डॉलरांत फेडील हें गृहीत धरलेलें असतें. त्याचा परवाना संपला आणि तो परत आला तर पुण्यांतील पहिल्या नोकरीच्या पगारांतून चाळीस लाखांचें कर्ज कसें फिटावें, ह्याचा हिशेब कोणीं केलेला नसतो, कारण तो हिशेब करणें म्हणजे अपशकुन. म्हणून मग मुलगा परत येत नाहीं. मिळेल त्या कामावर, मिळेल त्या खोलींत तो राहतो, फोनवर "सर्व ठीक" म्हणतो; आणि आई शेजारणीस तेंच सांगते. ज्यास विद्येसाठीं पाठविलें त्याच्या विद्येचें काय झालें हें विचारण्याचें धैर्य मग कोणांतच उरत नाहीं. अशीं घरें आम्ही पाहतों. दिवाणखान्यांत काळा झगा आणि चौकोनी टोपी घातलेल्या मुलाचें चित्र असतें, आणि वडील निवृत्तीनंतर कोठें तरी पुन्हा नोकरी धरतात.

आमच्यावर येणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, पैसा मिळविण्यासाठीं परदेशीं जाणें हा काय गुन्हा आहे? मुळींच नाहीं. कोंकणांतील माणसें मुंबईस गेलीं तीं कांहीं तत्त्वज्ञान शिकण्यास गेलीं नव्हतीं, आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर अख्खीं गांवें जगलीं. पण तीं मनिऑर्डर घरीं पाठवीत. घर गहाण टाकून गिरणींतली जागा विकत घेत नसत. पोटासाठीं जावयाचें असेल तर पोटासाठीं म्हणून जावें आणि व्यापाऱ्यासारखा जमाखर्च मांडावा. तेव्हां कदाचित् असें दिसेल कीं येथें दोन-चार वर्षें काम करून, हात तयार करून, नोकरीच्याच वाटेनें गेलेला मनुष्य अधिक स्वस्तांत आणि अधिक मानानें जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. येथल्या जातीच्या, घरच्या, गांवच्या काचांतून सुटण्यास परदेश हा एकच मार्ग असलेले विद्यार्थी आहेत, त्यांस तुम्ही सुखवस्तू लोकांनीं विद्येचे धडे काय द्यावे? ह्यावर आम्ही एवढेंच म्हणतों कीं आमचा रोख त्यांच्यावर नाहीं. उलट, विद्येसाठीं जाणें म्हणजे काय ह्याचा आमच्या डोळ्यांसमोरील सर्वांत मोठा दाखला ह्याच वर्गानें घालून दिलेला आहे. भीमराव आंबेडकर १९१३ सालीं न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठांत गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें. त्या वेळीं अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या मनुष्यास न्यूयॉर्कच्या रस्त्यावर जी मोकळीक लाभली तिचें मोल आम्हां इतरांस कळणें कठीण. पण त्या मोकळिकीचें त्यांनीं काय केलें हें पाहण्यासारखें आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा व वसुलाचा त्यांनीं अभ्यास केला, प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला, आणि १९१६ च्या मे महिन्यांत गोल्डनवायझर ह्यांच्या परिसंवादांत हिंदुस्थानांतील जातींची उत्पत्ति व घडण ह्यांवर निबंध वाचला. शिष्यवृत्ति संपली म्हणून १९१७ मध्यें लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावें लागलें. सिडनॅम कॉलेजांतल्या प्राध्यापकीच्या पगारांतून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचें साहाय्य व मित्राकडून उसनवार घेऊन १९२० सालीं ते पुन्हा गेले, तो अभ्यास पुरा करण्यास. तेथें त्यांचे अध्यापक एडविन कॅनन. 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा प्रबंध १९२३ मध्यें ग्रंथरूपानें निघाला तेव्हां कॅननसाहेबांनीं त्यास प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेंत आपणांस लेखकाचे पुष्कळ मुद्दे पटत नाहींत असें स्वच्छ सांगितलें. मतभेद ठेवूनही प्रस्तावना लिहिणारा गुरु आणि मतभेद पचवूनही तीच छापणारा शिष्य! परदेशीं जाऊन मिळवावयाचें तें हें.

इरावती कर्वे ह्यांचेंही तसेंच. १९२८ मध्यें त्या बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर ह्यांच्या हाताखालीं. मनुष्याच्या कवटीची असमता आणि वंश ह्यांचा संबंध तपासण्याचें काम त्यांजकडे होतें. गुरूचा सिद्धान्त वंशश्रेष्ठत्वाकडे झुकणारा. ह्या बाईंनीं कवट्या मोजल्या आणि असा कांहीं संबंध दिसत नाहीं असें लिहून दिलें. १९३० मध्यें पदवी घेऊन त्या परत आल्या, आणि पुढें महाराष्ट्राचें मनुष्यशास्त्र ज्या हातांनीं घडविलें त्या हातांनीं त्या कवट्या मोजलेल्या होत्या. रघुनाथराव परांजपे १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविण्यास येऊन बसले, ही गोष्ट तर आमच्या पिढीपर्यंत मुलांस सांगत असत. ह्या सर्वांस परत येणें भाग पडलें असेल, काळ निराळा असेल, तें सोडून देऊं. परत येण्याचा आग्रह आमचा नाहींच. जो तेथें राहून प्रयोगशाळेंत आयुष्य घालवितो तोही विद्येच्याच घरीं राहतो. आमचा प्रश्न त्याआधींचा आहे: निघतांना ह्या लोकांस आपण कोणता प्रश्न घेऊन जातों आणि कोणापुढें ठेवावयाचा हें माहीत होतें, निदान लवकरच माहीत झालें. आजच्या शंभरांतील किती जणांस तें माहीत असतें?

म्हणून शिफारसपत्र मागावयास आलेल्यास आम्ही विचारतों, तेथें कोण शिकवितो? त्यानें काय लिहिलें आहे? त्यांतलें तूं काय वाचलें आहेस? विद्यापीठाचा क्रमांक आम्हांस नको असतो. तो विद्यार्थ्यास दशमस्थळापर्यंत पाठ असतो. अध्यापकाचें नांव मात्र शेंकडा नव्वदांस सांगतां येत नाहीं. दुसरा प्रश्न पैशाचा. अमेरिकेंतील चांगल्या विद्यापीठांत पीएच्.डी.च्या विद्यार्थ्याचें शुल्क माफ असतें आणि वर त्यास निर्वाहवेतन मिळतें, कारण त्याच्या बुद्धीची त्यांस गरज असते. अशा जागा थोड्या आहेत, आणि २०२५ मध्यें तेथील सरकारनें संशोधनाच्या अनुदानांवर कुऱ्हाड चालविल्यापासून अधिकच थोड्या झाल्या आहेत. पण खूण चांगली आहे. आपणच सर्व पैसा भरावयाचा असेल तर त्या विद्यापीठास आपल्यांतील कोणती वस्तु हवी आहे, हें ओळखण्यास फार मोठी बुद्धि लागत नाहीं. जर्मनींतील सरकारी विद्यापीठें बहुतेक ठिकाणीं अजून शुल्क घेत नाहींत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांत २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्रास १,५०० युरो घेतो आणि म्युनिकच्या तंत्र-विद्यापीठानेंही २०२४ पासून शुल्क बसविलें आहे. तरी एकंदरींत तेथें इंग्लंडाच्या मानानें स्वस्ताई आहे. तेथें जाणाऱ्या आमच्या मुलांस आम्ही विचारतों, जर्मन येतें काय? "अभ्यासक्रम इंग्रजींत आहे, सर", असें उत्तर येतें. ज्या देशांत दोन वर्षें शिकावयाचें त्याची भाषा शिकण्याचाही ज्यास कंटाळा, तो विद्येच्या ओढीनें निघाला आहे असें आम्हीं कोणत्या तोंडानें लिहावें?

तिसरा आक्षेप राहिला, आणि तो आमच्याच अंगावर येणारा आहे. येथलीं विद्यापीठें तुम्हीं कोठें चांगलीं ठेविलीं आहेत? हा आक्षेप खरा आहे आणि त्यास आमच्याजवळ उत्तर नाहीं. आमच्या महाराष्ट्रांत महाविद्यालयांतील कायम जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहतात आणि नेट-पीएच्.डी. झालेले तरुण तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबानें शिकवितात. सुटींत त्यांस वेतन नाहीं. विषयाचा नामांकित अध्यापक निवृत्त झाला कीं त्याच्याबरोबर तो विषयही निवृत्त होतो. ग्रंथालयांत नवीं नियतकालिकें येत नाहींत. अशा ठिकाणाहून हुशार विद्यार्थी पळाला तर त्यास दोष देणारे आम्ही नव्हे. परंतु ज्या मध्यमवर्गाच्या आवाजानें एखाद्या रस्त्याचा खड्डा बुजतो, त्या वर्गानें ह्या रिकाम्या जागांविषयीं कधीं आवाज केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्याचीं मुलें जाणारच असतात. मग मागें राहिलेल्या वर्गांत कोण शिकवितो ह्याची चौकशी त्यानें कशाला करावी? आतां परदेशी विद्यापीठेंच इकडे येऊं लागलीं आहेत. २०२५ च्या जूनमध्यें नवी मुंबईसाठीं पांच विद्यापीठांस इरादापत्रें दिलीं गेलीं तेव्हां वर्तमानपत्रांनीं जो आनंद केला, त्याचा दहावा हिस्साही एखाद्या जुन्या विभागांत दोन अध्यापक नेमल्याच्या बातमीवर झाला नसता. अर्थात् तशी बातमी छापण्याचा प्रसंगही क्वचितच येतो.

आणि जे खरोखर विद्येसाठीं, दुसऱ्याच्या आधारावांचून जाऊं न शकणारे, त्यांच्यासाठीं आपण काय करतों? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं महाराष्ट्र सरकारची राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची परदेश-शिष्यवृत्ति आहे. तिच्यांत वर्षास ७५ जागा. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश-शिष्यवृत्ति आहे, तिच्यांत १२५. ज्या देशांतून २०२४-२५ सालीं एकट्या अमेरिकेंत ३,६३,०१९ विद्यार्थी होते, त्या देशाच्या मानानें हे आंकडे आम्ही वाचकांपुढें तसेच ठेवतों. केंद्राच्या त्या शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ च्या आरंभीं अशी दुरुस्ती झाली कीं भारतीय संस्कृति, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन जाणाऱ्यास ती मिळूं नये. हे विषय येथेंच शिकतां येतात असें कारण सांगण्यांत आलें. १९१६ सालीं कोलंबियांत वाचलेला तो जातींवरील निबंध ह्या नियमांत बसला नसता. विद्यार्थ्यांच्या संघटनांनीं व कांहीं अभ्यासकांनीं त्या वेळीं निषेध केला. परदेशी शिक्षणाच्या प्रदर्शनांस मुलांचा हात धरून जाणाऱ्या आमच्या वर्गांतून त्या निषेधावर सह्या करण्यास किती लोक पुढें आले, हें आम्हीं त्या वेळीं आमच्या ओळखींत विचारून पाहिलें. बहुतेकांनीं "असा कांहीं नियम आहे काय?" असें उलट विचारलें, आणि दोघांनीं त्याच बैठकींत आम्हांस आयर्लंडचा व्हिसा हल्लीं लवकर मिळतो काय, हें विचारलें.